सिस्टरचा कोपरा

भोये सिस्टर माझ्याशी बोलल्या तो पहिला शब्द ‘गप’ असा होता. खोडाळ्याच्या पलीकडच्या त्या उपकेंद्रात मी आरोग्यसेवक म्हणून हजर व्हायला गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या अंगणात एक म्हातारा नागली झोडपत बसला होता. त्याने मान वर न करता तलावाकडे बोट दाखवलं. बांधावरून चालत गेलो, तर पाण्याच्या कडेला पन्नाशीकडे झुकलेली एक बाई उभी होती. गणवेशाच्या साडीवर पुरुषी स्वेटर, पायांत रबरी बूट, आणि हातात गळाची काठी. तीही गावातल्या पोरांकडे असते तशी बांबूची नव्हे, रीळ लावलेली, काळी, चकचकीत. मी लांबूनच सुरुवात केली, की नमस्कार सिस्टर, मी शिंदे, सिन्नरचा, आजपासून तुमच्याकडे. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘गप’ म्हणाल्या, आणि मी गप्प झालो. बऱ्याच वेळाने त्यांनी दोरा गुंडाळला. ‘गेली,’ असं पाण्याला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘चल, चहा घेऊ. मस्टर कपाटात हाय.’

त्या दिवशी मला वाटलं, बाई तिरसट दिसते. चार-सहा महिन्यांनी कळलं, की बाई तिरसट नाही, दमलेली आहे. या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात.

दमणं हा आमच्या नोकरीत सगळ्यांचाच धर्म, पण कबूल कोणी करत नाही. कसं चाललंय विचारलं की ‘मजेत’ म्हणायचं आणि पुढच्या पाड्यावर निघायचं. सिस्टर मात्र विचारलं की सांगायच्या, ‘दमलेय.’ त्यात तक्रार नसायची. कोणी किती वाजले विचारल्यावर आपण सांगतो, तसं सांगायच्या. एकदा मोखाड्याला आढावा बैठक होती. लसीकरणाचे आकडे, गरोदर मातांच्या नोंदी, मोबाईलवरच्या नव्या ॲपचे तीन वेगळे पासवर्ड, असं सगळं सकाळपासून चाललेलं. सिस्टर माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसून झोपल्या होत्या. साहेबांनी बोलता बोलता थांबून विचारलं, की सिस्टर, झोपलात का? सिस्टरनी डोळे उघडले आणि ‘हो’ म्हणाल्या. साहेबांनी चहा मागवला.

पोशेऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी, नवरा जव्हारला कचेरीत कारकून, मुलगा शिकायला नाशिकला. रविवार मोकळा मिळालाच तर जव्हारला जायच्या, आणि तो मिळायचा नाही. एवढं सांगून त्यांचं चरित्र मी इथेच थांबवतो. त्यांनी स्वतः याहून जास्त कधी सांगितलं नाही, आणि मला आठवतात त्या घरच्या सिस्टर नव्हेतच. मला आठवतात त्या तलावावरच्या.

ती काठी त्यांना एका डॉक्टरने दिली होती. मी येण्याच्या बऱ्याच आधी बंधपत्राची नोकरी करायला पुण्याचा एक पोरगेलासा डॉक्टर आला होता. त्याला या मासेमारीचं वेड. डब्यात रबरी बेडूक, लाकडी मासे, पिसांचे किडे, असली खेळणी भरलेली. त्याच्या सह्या घ्यायला सिस्टरना तलावावर जावं लागे, कारण साहेब दवाखान्यात कमी आणि पाण्याकाठी जास्त. सह्या होईपर्यंत उभं राहून राहून त्या शिकल्या. डॉक्टर मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघायचा. तिकडे बास नावाचा मासा असतो, तो पाण्यावर चालणाऱ्या खोट्या भक्ष्यावर झडप घालतो. आपल्याकडे ते काम मरळ करते. डॉक्टरचं म्हणणं, पाण्यावर उडी मारणाऱ्याचा स्वभाव जगात सगळीकडे सारखाच. सिस्टर म्हणायच्या, ‘थोडा सारखा.’ पुढच्या शिक्षणाला जाताना तो काठी आणि डबा त्यांच्याकडे ठेवून गेला, तो परत काही आला नाही.

गावाला या प्रकाराची आधी मौज वाटली असणार. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही, काही नाही. मऊ रबराचा पोकळ बेडूक, त्याच्या पाठीला चिकटून वरच्या बाजूला तोंड केलेले दोन गळ. त्यामुळे तो पोयणीच्या, म्हणजे पाण्यावरच्या कमळवेलीच्या, पानांवरून ओढत आणला तरी अडकत नाही. पानावरून टुणकन पाण्यात पडतो, थांबतो, परत निघतो. सिस्टरच्या हातात तो बेडूक इतका खरा व्हायचा, की एकदा एक बगळा त्याच्यामागे पळत आला होता.

त्यांचं शास्त्र असं होतं. वेळ उन्हाच्या आधीची. समोरच्या डोंगरावरून ऊन उतरून पाण्याला लागलं की दुकान बंद. संध्याकाळी ऊन डोंगरामागे गेलं की परत थोडा वेळ. आभाळ भरलेलं असेल आणि वारा नसेल, तर दिवसभर. पौषाच्या थंडीत जायचंच नाही, मरळ खाली चिखलात पडून असते आणि वर काय चाललंय त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं. चैत्र-वैशाखात मात्र पाणी तापतं आणि ती सारखी वर येते, कारण मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं. ती वर येते, एक घोट घेते, दोन बुडबुडे सोडून खाली जाते. ते बुडबुडे बघायचे. जागा म्हणाल तर मोकळं पाणी नको. जिथे सावली, जिथे पोयणी, जिथे बुडालेल्या झाडाच्या फांद्या, तिथे. आणि तिच्या डोक्यावर बेडूक टाकायचा नाही. पलीकडे टाकायचा आणि तिच्या अंगणातून चालवत आणायचा.

तलावाच्या वरच्या अंगाला ओहोळ येऊन मिळतो, तिथे हे सगळं एकाच ठिकाणी होतं. एक अर्धं बुडालेलं जांभळीचं झाड, त्याच्या भोवती पोयणी, कडेला लव्हाळी. सिस्टर तिथेच उभ्या राहायच्या. गाव त्या जागेला सिस्टरचा कोपरा म्हणायचं.

या सगळ्यातलं अवघड काम शेवटी यायचं. मरळ बेडकावर झडप घालते तेव्हा पाणी असं फुटतं, की माणूस दचकून काठी ओढतो. ओढली की संपलं. बेडूक हवेत, मरळ पाण्यात, आणि आपण येडे. मी दर वेळी येडा ठरलो. सिस्टर सांगायच्या, खळबळ झाली म्हणजे मासा लागला नाही, वजन येऊ दे. हाताला वजन कळलं की मग ओढ. ऐकायला सोपं आहे. समोर पाणी फुटलेलं असताना काही न करता उभं राहून दाखवा.

त्यांना ते जमायचं, आणि माझ्या मते ते त्या दमलेल्या होत्या म्हणून जमायचं. दचकायला अंगात शिल्लक काही नसायचं. हे मी त्यांना बोललोही होतो. त्या म्हणाल्या, असेल.

पकडलेली मरळ त्या स्वतः खात नसत. साफ करायचा कंटाळा, हे कारण. ती जायची त्या आठवड्यात जी कोणी बाळंत झाली असेल तिच्या घरी. हळद, मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या घालून नुसती उकळायची, रस्सा बाळंतिणीला द्यायचा, असा सिस्टरचा हुकूम होता, आणि मासा चुलीवर चढेपर्यंत त्या ओट्यावर बसून राहायच्या. कारण घरात बाकीची तोंडंही असतात, हे त्यांना माहीत होतं. मी एकदा या कामाचं जरा कौतुक करायला गेलो. लोकांसाठी एवढ्या पहाटे उठता, वगैरे. त्यांनी मला मध्येच तोडलं. म्हणाल्या, ‘मी दमलेय म्हणून तिथं जाते, शिंदे. तिथं मला कोणी हाक मारत नाय.’

हे खरं होतं. उपकेंद्रात, वाटेत, पाड्यावर, एसटीत, बाजारात, सगळीकडे ‘सिस्टरबाय’ अशी हाक यायची. त्या भागात मोठ्या माणसालाही एकेरीत बोलतात, त्यात अनादर नसतो. ‘सिस्टरबाय, तू जरा बघ’ म्हणून पोर पुढे करायचे. फक्त त्या कोपऱ्यात त्या उभ्या असल्या की बांधावरून जाणारा माणूस आवाज न करता जायचा. मला वाटायचं, मासा बुजू नये म्हणून.

त्यांच्या धीराची दुसरी गोष्ट सांगतो. वरच्या पाड्यावर एक पहिलटकरीण अडली होती. दुपारची वेळ, गाडी ओहोळाच्या अलीकडे थांबलेली, कारण पलीकडे रस्ताच नव्हता. सासू सारखी म्हणत होती, की सुई दे, लवकर होऊ दे. सिस्टर पोरीच्या उशाशी बसून तिची कंबर चोळत होत्या. सासूचं तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की घाई कोणाला हाय? हिला, बाळाला, का तुला? सासू चुलीवर पाणी ठेवायला उठली. तरण्या पोरांनी डोली बांधून तयार ठेवली होती, ती लागली नाही. दिवेलागणीला मुलगी झाली. परत येताना मी शहाणपणा केला. म्हटलं, सिस्टर, हे तुमच्या मरळीसारखंच झालं, वजन येईपर्यंत ओढायचं नाही. त्या वाटेत थांबल्या. म्हणाल्या, ‘माशाची गोष्ट बाईला लावू नको. मासा मी मारते.’

सिस्टरचा एक नियम होता, आणि पुढे जे झालं ते त्या नियमावरून झालं. आषाढ-श्रावणात मरळीला पिल्लं होतात. हजारभर पिल्लं, तांबडी, एकाच गोळ्यात पाण्याच्या वरच्या थरात फिरतात. भात उकळायला लागला की पाणी कसं थरथरतं, तसं तिथलं पाणी थरथरत असतं. त्या गोळ्याच्या खाली आई आणि बाप दोघं राखण करत असतात. त्या थरथरीवरून बेडूक चालवला तर मरळ भूक नसतानाही त्याच्यावर तुटून पडते. ना वेळ बघायला लागते ना जागा, ना धीर. ज्याला काही येत नाही त्यालाही ती मिळते. आणि आई-बाप गेले की ती पिल्लं एक-दोन दिवसांत बाकीचे मासे आणि बगळे मिळून संपवतात. म्हणून श्रावणात सिस्टर काठी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकायच्या. नुसत्या जाऊन बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, तिची ड्युटी चालू हाय.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांच्या बचत गटाने तो तलाव घेतला. गटाची अध्यक्ष देवकीबाई. भात आणि नागली काढून झाली, की दिवाळीनंतर अर्धा गाव भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. देवकीबाईच्या दोन्ही सुनांची पहिली बाळंतपणं भट्टीवर झाली होती, त्यातलं एक मूल राहिलं नाही. तलावात रोहू-कटला वाढवले, तर यंदा निदान बायकांनी तरी जायला नको, असा त्यांचा हिशोब होता. प्रशिक्षण झालं, परवानगी झाली, श्रावणात बोटाएवढं मत्स्यबीज पिशव्यांतून आलं आणि पूजा करून सोडलं.

पंधरा दिवसांनी देवकीबाई माझ्याकडे आली. सिस्टर पाड्यावर गेल्या आहेत हे बघून आली होती. बराच वेळ खोकल्याच्या गोळ्या मागत बसली आणि मग म्हणाली, की बीज चाललंय. रोज कमी दिसतंय. मरळी खातात.

मी म्हटलं, बीज सोडायच्या आधी जाळी मारून तलाव साफ करायला सांगितला होता ना?

केला होता म्हणाली. सगळा केला.

‘मग?’

ती खाली बघून बोलली. ‘सिस्टरबायचा कोपरा सोडून.’

मग एकेक कळत गेलं. त्या कोपऱ्यात जाळी मारायची नाही, हे गावात कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं. सिस्टरबाय बाळंतिणीसाठी मारते, तिला मिळायला पाहिजे. पोरांनी तिथे गळ टाकला तर थोबाडीत बसायची. उन्हाळ्यात तलाव आटून डबकी राहायची, तेव्हा सगळी डबकी उपसायचे, जांभळीखालचं सोडून. बांधावरून आवाज न करता जाणंही त्यातलंच. आणि ही गोष्ट तिला कोणी सांगायची नाही, हेही ठरलेलं. सांगायचं कशाला? ती एवढ्या हौसेने उठून येते. आता तेवढ्या वर्षांच्या राखलेल्या मरळी तिथे होत्या आणि बायकांचं बीज खात होत्या. जाळी तिथे बुडालेल्या फांद्यांत फाटत होती. गळाने मारायच्या तर ते सिस्टरलाच येत होतं, आणि तिचा नियम सगळ्या गावाला पाठ होता.

‘तिला कसं सांगायचं?’ देवकीबाईने मला विचारलं. म्हणजे तूच सांग.

मी सांगितलं. लसींचा डबा खांद्यावरून उतरवून सिस्टर नुकत्याच टेकल्या होत्या. मी बीजापासून सुरुवात करून कोपऱ्यापर्यंत आलो. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, कारण मला वाटलं होतं तसा त्यावर राग आला नाही. त्या नेहमी अभिमानाने एकच गोष्ट सांगायच्या. अख्खा तलाव जाळ्यांनी विंचरतात, तरी मला मिळते, का, तर वेळ कळली पाहिजे आणि जागा कळली पाहिजे. एवढाच काय तो त्यांचा अभिमान. तो मी त्यांच्या हातून काढून घेतला, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं. त्या बूट काढत होत्या. दुसरा काढायचा राहिला. मग हसल्या. म्हणाल्या, ‘म्हणजे मी इतकी वर्षं कोंबडीच्या खुराड्यात हात घालत होते.’

पण मारायला नाही म्हणाल्या. पिल्लं आहेत, महिनाभर थांबा, मग काढते सगळ्या. मी देवकीबाईला तसं कळवलं. महिनाभरात बीज उरणार नव्हतं, हे तिलाही दिसत होतं आणि सिस्टरनाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली. बरोबर धाकटी सून होती, पोटुशी, पाचवा लागलेला. तपासणीचा वार नव्हता. सिस्टरनी तिचं वजन केलं, रक्तदाब बघितला, पोट बघितलं. सगळं झाल्यावर देवकीबाई म्हणाली, ‘सिस्टरबाय, तिचीच पिल्लां काय पिल्लां? आमचां बीज काय दगड हाय?’

सिस्टरनी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून डब्यात ठेवला.

‘हिला आथा भट्टीवर नाय धाडायची,’ देवकीबाई म्हणाली. हट्ट केला नाही, रडली नाही. सुनेला घेऊन गेली.

संध्याकाळी सिस्टर मला म्हणाल्या, की माळ्यावरून काठी काढून दे, माझा हात पोचत नाय. हात पोचत होता. एरवी त्याच काढायच्या.

सकाळी मी बरोबर गेलो. धुकं होतं, पाऊस थांबला होता, पाणी आरशासारखं. पोयणीच्या कडेला ती थरथर दिसत होती. सिस्टर नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि नेहमीपेक्षा बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग बेडूक टाकला. पहिल्याच फेकीला पाणी फुटलं. त्यांनी वजन येऊ दिलं, ओढली, काठावर घेतली. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी मरळ. तांबडा गोळा जागच्या जागी फिरत राहिला. त्यांनी परत बेडूक टाकला आणि बापही आला. एवढं सोपं त्या कोपऱ्यात कधी नव्हतं. सिस्टरनी काठी खाली ठेवली आणि ओल्या गवतावर बसल्या. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. त्यांनी हातानेच नको म्हणून खूण केली.

चार-पाच सकाळी त्या गेल्या. जेवढे गोळे दिसले तेवढ्यांवर गेल्या. मासे देवकीबाईच्या गटाने वाटून घेतले. एक घर असं नव्हतं जिथे त्या आठवड्यात रस्सा शिजला नाही, आणि सिस्टर यावेळी कोणाच्याही ओट्यावर बसल्या नाहीत.

पिल्लांचं त्यांनी जे केलं ते मी कोणाला फारसं सांगत नाही, लोक हसतात. फाटलेल्या मच्छरदाणीचा झोळा करून त्यांनी ती पाण्यातून गाळून काढली आणि उपकेंद्रामागच्या सिमेंटच्या टाकीत आणून सोडली. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीने कुस्करून घालायच्या. सकाळी घालायच्या, पाड्यावरून आल्यावर घालायच्या. तरी रोज कमी होत गेली. त्यातली मोठी लहानांना खात होती. सिस्टर टाकीच्या कठड्यावर हात टेकून ते बघत उभ्या असायच्या. एकदा मला म्हणाल्या, ‘घरात खायला असूनही खातात बघ.’ त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. उरली ती त्यांनी बादलीत घालून तलावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या डोहात सोडली. मग महिनाभर तलावावर गेल्या नाहीत. काठी त्यांनी मला देऊन टाकली. मला ती चालवता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

दिवाळी झाली. भट्टीवर जायला टेम्पो आले. देवकीबाईच्या घरातून मुलगे गेले, सुना राहिल्या. गटातल्या बहुतेक बायका राहिल्या. धाकट्या सुनेला पौषात मुलगा झाला, उपकेंद्रातच, सिस्टरच्या हातून. तिसऱ्या दिवशी देवकीबाई तलावातला पहिला रोहू घेऊन आली. सुनेसाठी, आणि एक सिस्टरसाठी. सिस्टरनी घेतला. आता गावात कोणी बाळंत झाली, की मासा बचत गट पोचवतो. ते काम त्यांचं झालं.

म्हणजे सिस्टरना तलावावर जायचं काही कारण उरलं नव्हतं. मला याचीच काळजी वाटत होती. तेवढी एकच जागा होती, जिथे त्यांना कोणी हाक मारत नव्हतं.

माझी बदली होळीनंतर झाली. निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरून मी सिस्टरना भेटायला गेलो, तर उपकेंद्राला कुलूप. विचारायला कोणी नव्हतं. गाव सगळं तलावावर, कारण त्या दिवशी मोठी जाळी ओढणार होते.

बायका कमरेएवढ्या पाण्यात दोन रांगा करून जाळी ओढत येत होत्या. रोहू उडत होते. एरवी अशा वेळी केवढा गलका असतो, आणि इथे चिडीचूप. मला आधी वाटलं, काही वाईट घडलं की काय. मग मी जांभळीकडे बघितलं. सिस्टर तिथे काठावर, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसल्या होत्या. रात्री कुठलीतरी बाळंतीण असणार, गणवेश अंगावरच होता. रबरी बूट काढून बाजूला ठेवलेले, पाय पसरलेले, मान एका बाजूला कललेली. त्या गाढ झोपल्या होत्या. बैठकीत झोपायच्या तशा ताठ नव्हे. तोंड जरासं उघडं होतं.

जाळी कोपऱ्याजवळ आली. पुढच्या रांगेतल्या पोरींपैकी एकीने देवकीबाईकडे बघितलं. कोपऱ्यात पाण्यावर दोन बुडबुडे आले, एक वर्तुळ उठलं आणि विरलं. मी बघितलं, देवकीबाईनेही बघितलं. मरळीने हवा घेतली होती. एक तरी राहिली होती. तिथून जाळी ओढली असती तर फांद्यांत अडकली असती, आरडाओरड झाली असती, पाणी ढवळलं असतं.

देवकीबाईने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने जाळी वळवायची खूण केली. बायकांनी पोयणीच्या अलीकडूनच जाळी वळवली आणि पाणी न वाजवता परत मोकळ्या तलावाकडे ओढत नेली. माझ्या एसटीची वेळ झाली होती. मी सिस्टरना उठवलं नाही.